नाशिककर, पोरांना आणि वडिलांना घेऊन रानात जायचंय, कुठे जाऊ?

पाथर्डीफाटा_नवा
नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने सोलापूरकडून नाशकात येऊन दीड वर्ष झालं. तेवढ्यात मिसळ अकरा ठिकाणची खाऊन झाली, पाहुण्यांना गंगेवर नेऊन आणून झालं, त्र्यंबक-वणी झालं. पण ज्यासाठी सोलापूरचे मित्र हेवा करतात ("तुला काय बाबा, चहूबाजूंनी डोंगर आणि झाडी") ती झाडी मी फक्त गाडीच्या काचेतून बघितलीय.

तर रविवारी पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी, अशा बेताने रानात कुठे जाता येईल? सोबत मुलगी सहावीतली, मुलगा पहिलीतला आणि वडील, वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात. बाग नको, तिकीट-घसरगुंडी-भेळ नको. खरं रान पाहिजे आणि काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर पोरगा पुन्हा येणार नाही. त्याची अट बिबट्याची आहे, ती मनावर घेऊ नका.

मिसळीनंतर_झोप
बिबट्याच बघायचा तर जंगलात कशाला जाताय, गंगापूर रोडला फ्लॅट घ्या.

निफाडचा_तात्या
वरचा जोक आम्हाला निफाडवाल्यांना विचारून मारत जा, आमच्याकडे उसात बिबटी व्यालेली असते आणि रात्री लाईट आली म्हणून पाणी भरायला जायचं असतं. असो.

नांदूरमधमेश्वर. डोळे मिटून. नाशिकपासून तासाभराचा रस्ता. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे, वर्षानुवर्षं गाळ साठून साठून त्यात बेटं झाली, पाणगवत माजलं, आणि पाखरांना तेच पाहिजे होतं. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. वडिलांना चालायचं फार नाही, चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, गावातलीच पोरं गाईड म्हणून येतात, दुर्बीण त्यांच्याकडे असते. गाईड घ्याच, चार पैसे गावात राहतात आणि त्याला दिसतं ते तुम्हाला जन्मात दिसणार नाही.

आत्ता जानेवारी आहे म्हणजे बेस्ट. चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक, चमचे. आणि पोराला "वारकरी" दाखवा. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, शेकड्याने एका लायनीत पोहत असतात. वरून भोवत्या (शिकारी पक्षी) आला की सगळी दिंडी एकदम पाण्यावरून धावत सुटते, नुसता धबाबा आवाज. माझ्या नातवाने त्यावर बिबट्या माफ केला.

उनाड_पाखरू
तात्या, सगळं बरोबर, पण त्यांनी रान विचारलंय आणि तुम्ही तळं सांगितलं :)

झाडीतच जायचं तर बोरगड. दिंडोरीच्या अंगाला, रामशेजच्या शेजारी. जेमतेम ३४९ हेक्टर आहे पण २००८ पासून संवर्धन राखीव आहे. आधी उघडाबोडका होता म्हणतात, चराई-कुऱ्हाड थांबली आणि झाडी परत आली, त्यात तुंगलदऱ्याच्या लोकांचा वाटा मोठा. करवंदाच्या जाळ्या, ऐन, साग, कुडा, मध्येच काटेसावर. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो. वर हवाई दलाचं ठाणं आहे, त्या बाजूला कॅमेरा काढू नका आणि उगाच शूरपणा करून वर जाऊ नका.

सीबीएस_ते_सातपूर
पांडवलेणी कोणी का सांगत नाहीये? पाथर्डी फाट्याहून तर चालत! खाली नेहरू वनोद्यान आहे, रस्ते सपाट, बाक आहेत, काका आरामात फिरतील.

उनाड_पाखरू
कारण त्यांनी "बाग नको" लिहिलंय.

सीबीएस_ते_सातपूर
अहो पण ७१ वर्षांचा माणूस करवंदाच्या जाळीत कसा घालायचा? माझ्या आईला मी तिथेच नेतो, व्हीलचेअरवर. तिने तिथे मुंगसाची जोडी पाहिली, मी मोबाईलमध्ये होतो मला दिसली नाही. सगळ्यांनाच अंजनेरीचा डोंगर चढायचा नसतो. लाईट-बिईट जरा जास्त झाल्यात हे मान्य, पण बागेत जनावर येत नाही असं कोणी सांगितलं.

उनाड_पाखरू
मुंगसाच्या जोडीपुढे मी नमतो.

कॉलेजरोड_ट्रेकर
अंजनेरी अंजनेरी अंजनेरी!!! पोरांना हनुमान जन्मस्थान पण होतं. अर्ध्या दिवसात होतो. मागच्या महिन्यात गेलो तर माकडाने चिवड्याची पिशवी हातातून ओढली आणि माझ्याच समोर बसून शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले. बाकीचा चिवडा टाकून दिला. नाशिकचं माकड आहे, चव कळते त्याला.

गिधाडमित्र
हसण्यासारखं आहे पण हसू नका. आपणच केळी-बिस्किटं देऊन शिकवलंय. आणि दादा, त्या चिवड्याच्या पिशवीचं पुढे काय झालं?

अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव आहे, ती माकडांसाठी नाही. एक तर या डोंगराचंच नाव लावणारं कंदीलपुष्प, बोटभर रोपटं, पावसाळ्यात कड्याच्या काठाला गवतात उगवतं, लोक सेल्फीच्या नादात त्याच्यावर उभे राहतात. आणि दुसरं, कड्यातली लांब चोचीची गिधाडं. ही वर्षाला एकच अंडं घालतात, हिवाळ्यात. म्हणजे आत्ता, या महिन्यात, ती घरट्यावर बसलेली असणार. खालून दुर्बिणीने बघा, कातळावर पांढरे ओघळ दिसतील चुन्यासारखे, त्याच्या वर नीट नजर ठेवली की दगडाचाच एक तुकडा मान हलवतो. तिथे ड्रोन उडवणारे महाभाग मी पाहिलेत.

जनावरांच्या दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक यांच्या मुळावर आलं. औषध दिलेलं ढोर मेलं की ते खाऊन गिधाडाचं मूत्रपिंड जातं. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

हरसूलची_लेक
गिधाडांचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर मी फक्त वाचते. आमच्या हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी जेवणावळ आहे, गावातलं मेलेलं ढोर ठरलेल्या जागी नेऊन टाकतात आणि औषध दिलेलं नको याची काळजी घेतात. लहानपणी घार म्हणजे मोठा पक्षी वाटायचा, गिधाड उतरताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आजीच्या मागे लपले होते. ताडपत्री झटकल्यासारखा पंखांचा आवाज येतो.

पण मला दुसरंच म्हणायचंय. आमच्याकडे "जंगल बघायला जाऊ" असं कोणी म्हणत नाही. जंगलात जायचं ते काहीतरी आणायला. सरपण, मोहाची फुलं, करवंदं, पहिल्या पावसात शेवळं, खेकडे. माझी आई एका फेरीत जेवढं ऐकते तेवढं तुमचे मनोरेवाले महिन्यात ऐकत नसतील, फक्त ती नावं वेगळी घेते. आणि तिला बिबट्या बघायचा नसतो हो. वाघबारशीला वाघदेवाला नारळ फोडून आम्ही हेच मागतो की बाबा तू तुझ्या जागी राहा, आमची ढोरं-लेकरं सांभाळ.

राग येतो तो ओढ्यातल्या बाटल्यांचा. रविवारी गाड्या येतात, गाणी लागतात, सोमवारी माझा भाऊ गुरं घेऊन त्याच ओढ्यात उतरतो. दोन वर्षांपूर्वी गाईच्या खुरात काच गेली, पू झाला, शेवटी विकावी लागली. दुभती होती.

पाथर्डीफाटा_नवा
ताई, वाचून गप्प झालो. लिहीत राहा प्लीज.

मिसळीनंतर_झोप
+१. माझा पहिला जोक मागे.

निवृत्त_वनपाल
थोडं कायद्याचं, कारण दर रविवारी यावरून गेटवर वाद होतात. "सरकारी जंगल म्हणजे आपलंच" हे अर्धसत्य आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, त्यात परवानगी आणि वेळेचं बंधन. संवर्धन राखीव हा प्रकार त्याच कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला, गावकऱ्यांना सोबत घेऊन करायचा. राखीव वनाला भारतीय वन अधिनियम १९२७ लागतो, तिथे विस्तव करणं हा गुन्हा आहे. "साहेब, फक्त कांदे-बटाटे भाजतोय" हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल.

एका मार्चमधली गोष्ट सांगतो. कोणीतरी तीन दगडांची चूल मांडून चहा केला आणि वरून पाणी न टाकता गेले. दुपारी वारा सुटला. आम्ही सात माणसं आणि वाडीवरच्या बाया, हातात निरगुडीच्या ओल्या फांद्या, दुसरं काही नाही. फांदीने आग झोडपायची नसते, दाबायची असते, झोडपली की ठिणग्या पुढे उडतात. नवीन पोरं जोशात झोडपतात. जाळरेषेपाशी (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी) एकदाची अडली तेव्हा साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी राखेत फिरताना तित्तराचं घरटं दिसलं, अंडी उकडल्यासारखी झालेली, आणि शेजारी तित्तर. उठलं नव्हतं ते.

काही दिसलं तर हॅलो फॉरेस्ट, १९२६. टोल फ्री आहे. बिबट्या, वणवा, जखमी पक्षी, काहीही.

कॉलेजरोड_ट्रेकर
सर, ते झोडपायचं नाही दाबायचं हे माहीत नव्हतं. आणि गिधाडमित्र, पिशवी... खरं सांगू, वाऱ्याने दरीत गेली. पुढच्या वेळी डबा नेतो.

फोटोवाला_सिडको
मला एक कळत नाही, सगळे "बोरगड", "अंजनेरी" असं मोघम का लिहितात? नवीन माणसाने नेमकं कुठे उभं राहायचं? मॅपवर पिन टाका ना. मी घुबडाच्या घरट्याचं लोकेशन मागितलं तर ग्रुपमधून काढलं मला. ज्ञान वाटल्याने वाढतं म्हणतात.

उनाड_पाखरू
ज्ञान वाढतं, घुबड वाढत नाही. मीच टाकली होती एकदा पिन. २०१८ ला, शृंगी घुबडाची, पिल्लं होती दोन. पहिल्या रविवारी चार जण आले, दुसऱ्या रविवारी अठरा. एकाने घुबडाने डोळे उघडावेत म्हणून खडा मारला. तिसऱ्या रविवारी घरटं रिकामं. तेव्हापासून मी तालुक्याच्या खाली लोकेशन सांगत नाही, काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

फोटोवाला_सिडको
खडा मारणारा मी नाही. पण ठीक आहे, मुद्दा पोचला. तरी गावातल्या पोरांना रोजगार मिळायचा तर लोकांना जागा कळायला नको का? तात्यांच्या नांदूरला कळली म्हणूनच तर तिथे गाईड तयार झाले.

निफाडचा_तात्या
हे मात्र बरोबर बोलला. नांदूरचं तळं शंभर चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात आहे, तिथे गर्दी पचते. घुबडाचं घरटं दोन फुटांचं.

देवळाली_आर्टिलरी
अवांतर: पोरांना मेच्या शेवटी भंडारदऱ्याला काजवे दाखवा.

गिधाडमित्र
अवांतराला अवांतर: दाखवा, पण शनिवारी नको. पावसाआधीचे दोन-तीन आठवडेच असतात, एखादं झाड अख्खं लुकलुकत असतं आणि रस्त्यावर गाड्यांची रांग, सगळ्यांचे हेडलाईट झाडावर. अरे, तो उजेड मादीसाठी असतो, तुमच्या हेडलाईटमध्ये तिला तो दिसणार कसा. आणि भंडारदरा नाशिक नाही, अहिल्यानगर जिल्हा.

देवळाली_आर्टिलरी
धरण त्यांचं, ट्रॅफिक आपलं.

येवल्याची_पैठणी
पूर्वेला कोणीच यायला तयार नाही वाटतं. ममदापूर-राजापूरला काळवीट आहेत हो आमच्याकडे! झाडी कमी, गवताळ माळ, पण सकाळच्या उन्हात नर काळवीट उडी मारतो ना, पोरगा बिबट्याचं नाव काढणार नाही. लांब पडतं नाशिकहून, दुपारच्या जेवणाला घरी नाही पोचणार, येवल्यात जेवा.

फक्त शेतकऱ्यांशी बोलताना "किती गोंडस" म्हणू नका. हरभऱ्याचं नुकसान त्यांचं होतं. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात रस्त्यावर येतात, विहिरीत पडतात, कुत्री मागे लागतात, आणि काढायला धावतो तो तोच शेतकरी.

इंदिरानगरची_मावशी
माझा प्रश्न वेगळा. फेब्रुवारीत डोंगर गुलाबी होतात ती कसली झाडं? बहिणीने स्टेटस ठेवलं होतं, नाशिकचं चेरी ब्लॉसम.

निवृत्त_वनपाल
मावशी, ती उंदीरमारी. ग्लिरिसिडिया. आमच्याच खात्याने लावली. पटकन वाढते, गुरं खात नाहीत, नुसत्या मुरमावर उभी राहते, त्या काळी डोंगर हिरवा दाखवायचा होता. आता कळतं, तिच्यावर पाखरू घरटं करत नाही, खाली गवत धड येत नाही. मी स्वतः हजारो लावली असतील. शिक्षा म्हणून निवृत्तीनंतर आपटा आणि बहाव्याची रोपं वाटत फिरतो.

इंदिरानगरची_मावशी
बहिणीला सांगते. नको, राहू दे, खूप लाईक आलेत तिला.

उनाड_पाखरू
धागा मिसळीवर जायच्या आत मूळ प्रश्नाकडे. भाऊ, तुमच्याकडे तीन पिढ्या आहेत, जास्त चालूच नका. एखादं फुललेलं काटेसावरीचं नाहीतर पळसाचं झाड शोधा, त्याच्यापासून पन्नास पावलांवर सतरंजी टाका आणि तासभर बसा. काटेसावर आत्ता सुरू होतेय, फूल म्हणजे वाटीभर पाणी असतं त्यात, सगळं रान प्यायला येतं. कपडे भडक नकोत, स्पीकर नको, पहिली वीस मिनिटं काही दिसत नाही ती सहन करायची. फक्त उजाडल्यावर जा, पहाटे अंधारात पोरं पुढे पळू देऊ नका, लहान मूल मध्ये ठेवा. बिबट्याला बुटकं आणि एकटं दिसलं की शंका येते.

मिसळीनंतर_झोप
बुटका आणि एकटा. म्हणजे मी.

पाथर्डीफाटा_नवा
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. गेलो एकदाचे! नांदूर पुढच्या रविवारी. या वेळी दिंडोरी तालुक्यात गेलो (बघा, शिकलो मी).

झालं असं की ठरलेलं काहीच झालं नाही. वडील म्हणाले तुम्ही जा वर, मी बसतो खाली, आणि वाडीच्या अलीकडे एका काटेसावरीखाली, म्हणजे पन्नास पावलं लांबच, खुर्ची टाकून थर्मास घेऊन बसले. आम्ही चौघं पायवाटेने दीड तास फिरलो. पोरगा दर दहा मिनिटांनी "बिबट्याऽऽ" अशी हाक मारत होता, जणू बिबट्या ओ देणार आहे. मुलीला करवंदाचा काटा लागला, बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला (बूट घाला, लिहायचं राहिलं कोणाचं तरी). दिसलं काय तर एक सरडा आणि लेंड्या, त्याही सशाच्या की शेळीच्या यावर भांडण.

खाली आलो तर वडील हाताने "गप, गप" करतायत. त्यांच्या मांडीवर लाईट बिलाचा कागद, मागच्या बाजूला पेन्सिलीने यादी. "काळा तुकतुकीत, शेपटीला दोन काड्या", "हिरवा, डोकं लाल, ठोक्यासारखा आवाज", "वानर ७, पाकळ्या खातात, देठ टाकतात", "खारी भांडतात". आणि खाली दोनदा रेघ मारून: भोरड्या!!!

मला वाटलं नाव कुठल्या पुस्तकातून आणलं. म्हणाले, अरे या आपल्याच. आमच्याकडे ज्वारी निसवली की या यायच्या, आभाळ काळं करून. वडील सात-आठ वर्षांचे असताना माळ्यावर उभं राहून गोफणीने यांनाच हाकायचे, दिवसभर, शाळा बुडवून. गुलाबी अंग, काळं डोकं, एवढ्या जवळून त्यांनी त्या पहिल्यांदाच नीट पाहिल्या, कारण तेव्हा बघायला वेळच नव्हता, हाकायच्या होत्या. पोरगा खुर्चीला टेकून तोंड उघडं ठेवून ऐकत होता. परत निघताना हट्ट, मी वर येणार नाही, आजोबांजवळ बसणार.

बाटल्या अकरा सापडल्या. आणल्यात, डिकीत आहेत. हरसूलच्या ताई, तुमच्या ओढ्याच्या नाहीत, पण आणल्यात.

हरसूलची_लेक
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या म्हाताऱ्याला म्हणावं मोहाच्या दिवसात ये, खुर्ची घेऊन.

उनाड_पाखरू
काळा तो कोतवाल, पण शेपटीच्या काड्या लांब आणि टोकाला पिसांचा झुबका असेल तर पल्लवपुच्छ कोतवाल, काकांना विचारा. ठोकेवाला तांबट. यादीचा फोटो टाका ना.

पाथर्डीफाटा_नवा
टाकतो. झुबका नव्हता म्हणतात, "नुसती कातरलेली शेपटी, मी आंधळा नाही".

एक नवीन अडचण झालीय. पोराला गोफण पाहिजे. वडिलांनी सुतळीची करून पण दिली. पुढच्या रविवारी नांदूरला घेऊन येणार म्हणतोय.

निवृत्त_वनपाल
गोफण घरी ठेवा. कलम सांगू का?

निफाडचा_तात्या
राहू द्या हो साहेब. गोफण माझ्या शेतावर आणा, द्राक्षावर बुलबुल बसलेत.